बाई, हे किती तोळ्यांचं?



पाचवीच्या वर्गाला आपण धातूंचा शोध शिकवतो. आधी तांबं, मग कांसं, मग लोखंड. धातू सापडला, माणसानं हत्यारं केली, अवजारं केली, शेती सुधारली, तास संपला. यात चूक काही नाही. पण मुलांच्या डोक्यात असं बसतं की धातू म्हणजे कुऱ्हाड, नाहीतर भांडं. म्हणून या वर्षी मी पृथ्वीगोल फिरवला आणि मुलांना घेऊन पार पलीकडच्या बाजूला गेले, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात. तिथल्या जुन्या कारागिरांनी धातूवर जी अक्कल खर्च केली, ती बरीचशी समारंभात अंगावर घालायच्या वस्तूंवर. आणि त्या वस्तूंवर कोण बसलेलं असायचं? बदक, हरीण, कोळी, खेकडा, घुबड, ऑक्टोपस. मुलांना प्राणी किती आवडतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी जागा समजून घेऊ. पेरूच्या उत्तर किनाऱ्याला एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वत आणि मध्ये वाळवंट. पाऊस जवळजवळ नाहीच. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचं पाणी पाटांनी फिरवून लोकांनी तिथे शेती केली : मका, कापूस, भुईमूग. (आपल्या पोह्यांतला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हे सांगितलं तेव्हा वर्गाचा विश्वास बसेना.) साधारण पहिल्या ते आठव्या शतकापर्यंत इथे जे लोक होते त्यांना आज मोचे म्हणतात. त्यांच्याकडे लिपी नव्हती, लोखंड नव्हतं, घोडा-बैल नव्हते. जे सांगायचं ते त्यांनी मातीच्या भांड्यांवर चितारलं, भिंतींवर रंगवलं आणि धातूत घडवलं.

आता सिपानची गोष्ट. सिपान हे चिक्लायो शहराजवळचं एक लहान गाव. गावाच्या आजूबाजूला उसाची शेती. ऊस म्हटल्यावर माझा वर्ग सावरून बसला, कारण आमच्याकडेही खिडकीतून तोच दिसतो. गावाशेजारी कच्च्या विटांचे जुने मनोरे आहेत. शतकानुशतकांच्या माऱ्यानं झिजून ते आता टेकड्यांसारखे दिसतात. १९८७ च्या सुरुवातीला गावातल्या काही माणसांनी रात्री तिथे खणायला सुरुवात केली. घरात पैसा नाही आणि जमिनीखाली सोनं आहे अशी ऐकीव माहिती. अशा खणणाऱ्यांना तिकडे 'वाकेरो' म्हणतात. 'वाका' म्हणजे पवित्र जागा, आणि ती उकरणारा तो वाकेरो. त्यांना खरोखरच एक थडगं लागलं. पोती भरून दागिने बाहेर पडले आणि विकले जाऊ लागले.

बातमी पोलिसांपर्यंत गेली. पोलिसांनी लांबायेके इथल्या ब्रूनिंग संग्रहालयाचे प्रमुख वॉल्टर आल्वा यांना बोलावलं. छाप्यात एक खणणारा तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला आणि सगळं गाव चिडलं. आल्वा मात्र तिथेच राहिले. पोलिसांच्या पहाऱ्यात, गावाच्या शिव्या खात, त्यांनी ब्रशनं माती झाडायला सुरुवात केली. आणि लुटारूंच्या खड्ड्यापासून थोड्याच अंतरावर त्यांना एक थडगं सापडलं, ज्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

तोच सिपानचा स्वामी. साधारण तिसऱ्या शतकातला, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांची सत्ता मावळली त्या सुमाराचा. वय पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. वरच्या थरात एक रखवालदार पुरलेला, त्याचे पाय घोट्याखाली नव्हते. जागा सोडून जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. खाली लाकडी पेटी आणि तिच्यात तो, दागिन्यांच्या थरांखाली.

फोटो मी वर्गातल्या टीव्हीवर मोठे करून दाखवले. आधी कानातले. आपल्या कुडीसारखे नव्हेत बरं का. तळहाताएवढी गोल सोन्याची चकती आणि मागे कानाच्या पाळीतून जाणारी जाड नळी. चकतीच्या मधोमध हिरवट-निळ्या फिरोजा खड्यांचे बारीक तुकडे जोडून केलेलं बदक. दुसऱ्या जोडीवर हरीण. तिसऱ्या जोडीवर अंगठ्याएवढा योद्धा, आणि त्याच्या गळ्यात घुबडांच्या तोंडांची माळ! एवढासा मणी, आणि त्यावर डोळे-चोच ओळखू येते. त्याच्या नाकातला दागिनासुद्धा हलतो. माझ्या वर्गातला एक मुलगा टीव्हीला नाक लावून उभा राहिला, त्याला मी उठवलं नाही.

मग शेंगांचा हार. वीस मणी, प्रत्येक मणी भुईमुगाच्या शेंगेचा, खऱ्या शेंगेहून मोठा, सालीवरच्या जाळीदार रेषांसकट. दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या. सोन्याच्या उजव्या बाजूला, चांदीच्या डाव्या बाजूला. मोचे लोकांनी हे उजवं-डावं किती मनावर घेतलं होतं ते बाकीच्या वस्तूंतही दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही कोळ्यावर थांबलो. सिपानलाच आणखी खोल, आणखी जुन्या थरात दुसऱ्या एका सरदाराचं थडगं निघालं. त्याच्या गळ्यात दहा सोन्याच्या मण्यांची माळ होती. एकेक मणी मुलांच्या मुठीएवढा. मण्यावर बारीक तारांचं जाळं, जाळ्यावर कोळी, आणि कोळ्याच्या पाठीवर माणसाचं तोंड. मणी आतून पोकळ, त्यात सोन्याच्या बारीक गोळ्या. घालणारा चालला की माळ वाजणार, पैंजणासारखी.

"बाई, कोळी कशाला? किळस येते."

चांगला प्रश्न. आम्ही उत्तर शोधायला वर्गाच्या कोपऱ्यात गेलो, तिथे जाळं होतंच. (झाडलोट करणाऱ्या मावशींना मी तेवढं ठेवायला सांगितलं होतं.) कोळी काय करतो? दबा धरून बसतो. सापडलेल्याला दोऱ्यानं गुंडाळतो. मग त्यातला रस शोषून घेतो. मोचे लोकांच्या चित्रांत योद्धे हेच करतात. हरलेल्या शत्रूला मारत नाहीत, दोरीनं बांधून आणतात. मग समारंभ होतो, कैद्यांचा बळी दिला जातो, आणि त्यांचं रक्त पेल्यातून मुख्य माणसाला दिलं जातं. भांड्यांवरची ही चित्रं अभ्यासकांना आधीपासून माहीत होती, पण ती देवादिकांच्या कथा असतील असं वाटायचं. सिपानचं थडगं उघडलं तेव्हा चित्रातल्या त्या मुख्य माणसाचाच पोशाख समोर आला : तोच चंद्रकोरीसारखा शिरपेच, तेच कानातले, कंबरेमागे लटकणारा तोच पत्रा. शेजारच्या दुसऱ्या थडग्यात घुबडाचा शिरपेच घातलेला माणूस निघाला, तोही चित्रातला. म्हणजे ते सगळं खरंच घडत होतं. दक्षिणेला मोचे खोऱ्यातल्या एका मोठ्या देवळाच्या आवारात १९९५ साली बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे मिळाले, सत्तरच्या आसपास. त्यातले बरेच अतिवृष्टीच्या चिखलात रुतलेले होते. वाळवंटात एकदम आभाळ फाटतं, पाट वाहून जातात, पिकं जातात. अशा वेळी हे बळी दिले असावेत असं खोदणाऱ्यांचं म्हणणं आहे.

हे पाचवीच्या मुलांना सांगावं का? त्या संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. "मॅडम, दागिने दाखवा की, रक्त कशाला सांगता पोरांना?" त्यांचं बोलणं रास्त होतं, मी ऐकून घेतलं. पण माझं मत अजूनही तेच आहे. दागिना दाखवून तो कशासाठी घातला ते लपवलं, तर मुलांच्या हातात फक्त सोनं उरतं. वर्णन मी रंगवलं नाही. बळी कसा देत, किती वेळ लागे, असलं काही नाही. दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढचा प्रश्न मुलांना टाकला : पाऊस यावा किंवा थांबावा म्हणून माणसं काय काय करतात? मुलांनी स्वतःहून धोंडी काढणं सांगितलं, देवाला कोंबडा-बकरा सांगितला. कोणी हसलं नाही. तिसरी-चौथीला मी हे सांगणार नाही. तिथे बदक आणि शेंगा पुष्कळ झाल्या.

आणि मग आला तो प्रश्न, ज्याची मी वाटच बघत होते. "बाई, हे किती तोळ्यांचं?"

आपल्याकडे दागिना म्हटला की हाच पहिला प्रश्न. लग्नाच्या याद्यांत तोच, मुलांच्या कानावर घरी तोच. मी म्हटलं, काही वस्तू भरपूर सोन्याच्या आहेत. पण बऱ्याचशा तांब्याच्या आहेत, वर सोन्याचा थर. ऑक्टोपसच्या आकड्यांसारख्या हातांचा छातीवरचा मोठा दागिना, खेकड्याचं अंग असलेला देव, हे सगळं मुलामा दिलेलं तांबं.

"म्हणजे खोटंच की! एक ग्रॅमवालं." एक मुलगा म्हणाला, आणि दुसऱ्या बाकाकडे बोट करून, "हिच्या आईच्या मंगळसूत्रासारखं."

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. कोणाच्या घरातलं सोनं कुठे आणि कशासाठी गेलेलं असतं, हे आपल्याला वर्गात उभं राहून कळत असतं. ते इथे लिहीत नाही. मी त्या मुलाला रागावले नाही. ऑफिसातून पूजेचा तांब्या आणला, काळा पडलेला, आणि डब्यांतून चिंच गोळा केली.

तांब्या अर्धाच घासला. तो अर्धा झळझळीत झाला. मग सांगितलं की मोचे सोनार काय करत. सोनं, चांदी आणि तांबं एकत्र वितळवायचे. भट्टीला भाता नव्हता. चार-पाच माणसं गोल बसून फुंकणीनं फुंकायची. त्या मिश्रधातूचा गोळा दगडी हातोड्यानं ठोकून पत्रा करायचा. ठोकला की तो कडक होतो, म्हणून तापवायचा. तापवला की वरचं तांबं काळं पडतं, आपल्या तांब्यासारखं. तो काळा थर आंबट रसानं किंवा तसल्याच कशानं धुवून काढायचा. पुन्हा ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा धुवायचा. दर खेपेला वरचं थोडं तांबं निघून जातं, सोनं जागेवर राहतं. शेवटी वरचा थर पिवळा होतो. बाहेरून सोनं चढवलेलंच नाही. ते आतच होतं, ते वर आणलं.

हेदर लेक्टमन या अमेरिकन संशोधक बाईंनी या कामावर अनेक वर्षं घालवली. दुसरी एक रीतही त्यांनी प्रयोगशाळेत करून दाखवली : खनिज क्षारांच्या पाण्यात सोनं विरघळवायचं आणि तांब्याचा पत्रा त्यात ठेवायचा, म्हणजे विजेशिवाय त्यावर सोन्याचा अतिशय पातळ आणि सगळीकडे सारखा थर बसतो. पेरूच्या उत्तरेकडच्या लोमा नेग्रा इथल्या मोचे वस्तूंवर त्यांना असा थर दिसला होता. लेक्टमनबाईंचं म्हणणं असं की अँडीजमधल्या कारागिरांना वस्तूच्या वर जे दिसतं ते तिच्या पोटात असणं महत्त्वाचं वाटायचं. मला हे फार पटतं. फक्त फसवायचंच असतं तर इतक्या खेपा तापवायची, धुवायची गरज काय होती?

ती मुलगी इतका वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "बाई, त्या लोकांना ते खोटं वाटायचं का?"

मी म्हटलं, त्यांच्याकडे सोन्याचे पैसे नव्हते. सोनं देऊन बाजारात मका मिळत नव्हता. दागिना उन्हात चमकतो का, हलला की वाजतो का, आणि त्यावरचा प्राणी बरोबर आहे का, एवढं ते बघत असावेत. एवढंच बोलले. तांब्या तसाच अर्धा काळा-अर्धा लखलखीत टेबलावर ठेवला, तो दोन दिवस तिथेच होता.

तोळ्यांचा प्रश्न मी सोडला नाही, गणिताच्या तासाला घेतला. मोचे संपून सातशे-आठशे वर्षं झाली होती, त्याच डोंगरात इंका लोकांचं राज्य होतं. १५३२ मध्ये स्पेनच्या पिसारोनं काहामार्का इथे इंका राजा अताहुआल्पाला पकडलं. राजानं सुटकेसाठी खोलीभर सोनं देऊ केलं. देशभरातून ते आलं : भांडी, मूर्ती, दागिने. स्पॅनिश लोकांनी ते तिथल्याच सोनारांकडून वितळवून घेतलं आणि त्याच्या विटा पाडल्या. सोनं सुमारे ६ टन, चांदी ११ टनांहून जास्त. राजाला तरीही मारलं. आता करा हिशेब : ६ टन म्हणजे किती ग्रॅम, आणि १० ग्रॅमचा तोळा धरला तर किती तोळे? उत्तर येतं सहा लाख तोळे. फळ्यावर आकडा लिहिल्यावर वर्गात शिट्टी वाजली. मग मी विचारलं, यात बदकं किती होती? कोळी किती होते? कोणाच्या कानातले होते? ते फळ्यावर मांडता येईना. कोणालाच येणार नाही, कारण वितळवणाऱ्यानं वजन लिहून ठेवलं, बाकी काही लिहिलं नाही.

सिपानच्या लुटलेल्या थडग्याचंही तेच झालं. कंबरेमागे लटकवायचा किलोभराहून जड सोन्याचा एक पत्रा तिथून अमेरिकेत पोचला. विकणाऱ्यांनी सोळा लाख डॉलर मागितले, आणि १९९७ मध्ये फिलाडेल्फियात एफबीआयनं गिऱ्हाईक होऊन तो पकडला. पुढे तो पेरूला परत मिळाला. दुसऱ्या एका लुटलेल्या जागेतून, ला मिना इथून, गेलेला सोन्याचा शिरपेच, मांजराच्या जातीच्या प्राण्याचं तोंड आणि भोवती ऑक्टोपसचे आठ हात, २००६ मध्ये लंडनच्या पोलिसांना सापडला आणि तोही घरी परतला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मी त्यांना शेंगांच्या हाराची आठवण करून दिली. सोन्याच्या शेंगा उजवीकडे आणि चांदीच्या डावीकडे हे आपल्याला कसं कळलं? आल्वांच्या माणसांनी एकेक शेंग जागच्या जागी ठेवून, मोजून, चित्र काढून मगच उचलली, म्हणून. पोत्यात भरली असती तर वीस शेंगा नुसत्याच शेंगा राहिल्या असत्या. परत आलेला पत्रा आज काचेमागे सुखरूप आहे. तो ज्याच्या कंबरेला होता त्या माणसाचं वय, त्याच्या हातात काय होतं, शेजारी कोण झोपलं होतं, यातलं काहीही आता मिळणार नाही.

मला इथे खणणाऱ्या गावकऱ्यांचा राग येत नाही, हेही सांगून टाकते. राग येतो तो सोळा लाख मागणाऱ्यांचा.

ज्यांना वर्गात हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी आमचा उपक्रम. हॉटेलच्या पार्सलचे अॅल्युमिनियमचे पातळ डबे धुवून घ्या आणि तळाचा सपाट भाग कापून द्या. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. संपलेल्या बॉलपेननं पत्र्याच्या उलट्या बाजूनं दाबत गेलं की सुलट बाजूला चित्र उठून दिसतं. मोचे सोनारांचं उठावकाम साधारण याच जातीचं. अट एकच ठेवली : जो प्राणी काढायचा तो आधी आठवडाभर रोज बघायचा आणि वहीत लिहायचा. त्यामुळे वाघ-सिंह आपोआप बाद झाले. आले ते टिटवी, गोगलगाय, विंचू, शेळी, घरातली पाल, मुंगळा, बोअरवेलजवळचा बेडूक. कोळी चौघांनी काढला, आणि या वेळी सगळ्यांचे पाय आठ होते. मागच्या वर्षी विज्ञानाच्या पेपरात सहा पायांचे कितीतरी आले होते. ज्यानं मंगळसूत्राचं बोलणं काढलं होतं त्यानं बगळा केला, फार सुंदर केला. त्या मुलीनं कोंबडी केली, पिसं एकेक दाबून, आणि पत्र्याच्या कडेला चार भोकं पाडून त्यात आईच्या जुन्या पैंजणाचे घुंगरू बांधले. हलवलं की वाजतं.

एक काळजी घ्या : कापलेल्या पत्र्याची कड हात कापते. मुलांना द्यायच्या आधी सगळ्या कडा अर्धा सेंटीमीटर आत दुमडून चमच्यानं दाबून घ्या. चाळीस मुलांच्या वर्गाला हे एका शिक्षकाकडून होत नाही, आदल्या दिवशी दोन पालकांना बोलवा. फोन करणारे ते पालक आमच्याकडे आले होते, दीड तास कडा दुमडत बसले.